धुके पुसू नये

डॉक्टरने आपल्या छंदाविषयी लिहावे, ही स्मरणिकांतील जुनी प्रथा आहे. कोणी सतारीविषयी लिहितो, कोणी गुलाबाच्या कलमांविषयी, कोणी हिमालयातील पदभ्रमणाविषयी. मीही छंदाविषयीच लिहिणार आहे. परंतु त्याचे गोडवे गाण्यासाठी नव्हे. गेली काही वर्षे हिवाळ्याच्या सकाळी लष्करातील आमच्या घराच्या गच्चीवर ट्रायपॉड मांडून मी डीएसएलआर कॅमेऱ्याने किल्ल्याची, शहरावर उतरणाऱ्या धुक्याची आणि चढत्या उन्हाची टाइम-लॅप्स चित्रणे करीत आलो आहे. त्यातून माझे एक मत बनले आहे. ते असे, की हिवाळ्याचे हे चित्रण केवळ शोभेची वस्तू नाही. ते आपल्या शहराच्या प्रकृतीचे टिपण आहे. डॉक्टरने टिपणात खाडाखोड करू नये आणि ते कपाटात बंद करूनही ठेवू नये.

ज्यांना या तंत्राचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चलच्चित्रात दर सेकंदाला चोवीस किंवा पंचवीस चित्रे डोळ्यांपुढून सरकतात. टाइम-लॅप्समध्ये चित्रे घेताना दोन चित्रांत पाच, दहा किंवा साठ सेकंदांचे अंतर ठेवतात आणि दाखवताना ती नेहमीच्या गतीने दाखवतात. दर दहा सेकंदांना एक या हिशेबाने आठ तासांत २८८० चित्रे जमतात आणि सेकंदाला २५ या गतीने ती दोन मिनिटांच्या आत संपतात. जे इतके मंद घडते की डोळ्याला घडताना दिसतच नाही, ते अशा रीतीने दिसू लागते. दीर्घकालीन आजाराच्या रुग्णाचे दहा वर्षांचे केस पेपर एका बैठकीत ओळीने वाचल्यावर आपल्याला जे उमगते, तेच हे तंत्र निसर्गाच्या बाबतीत करते.

मराठी माणसाला हे तंत्र परके नाही. वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला. परंतु त्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची चित्रे रोज टिपली आणि बीजापासून वेलापर्यंतचा प्रवास काही क्षणांच्या फितीत दाखवला. ती फीत पाहून त्यांना भांडवल मिळाले. त्यापूर्वी चित्रपटाच्या ध्यासापायी अतिश्रम होऊन काही काळ त्यांची दृष्टीच गेली होती आणि वैद्यकीय उपचारांनी ती परत आली, हे आपण डॉक्टरांनी विशेषत्वाने लक्षात ठेवण्याजोगे. आपल्या व्यवसायाचेही या तंत्राशी जुने नाते आहे. पॅरिसमध्ये झां कोमांदों या डॉक्टरांनी १९०९ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाला चलच्चित्राचा कॅमेरा जोडून उपदंशाच्या जंतूंची हालचाल टिपली. आज वंध्यत्वचिकित्सेच्या प्रयोगशाळांत गर्भपेशींचे विभाजन याच पद्धतीने पाहिले जाते.

निसर्गदृश्याच्या बाबतीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो जेम्स बॅलॉग या अमेरिकी छायाचित्रकाराचा उपक्रम. २००७ साली त्यांनी 'एक्स्ट्रीम आइस सर्व्हे' सुरू केला. ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का येथील हिमनद्यांसमोर त्यांनी साधे डीएसएलआर कॅमेरे मजबूत पेट्यांत बसवून खडकांना जखडले. वर्षानुवर्षे ते कॅमेरे दिवसाच्या उजेडात ठरावीक अंतराने चित्रे घेत राहिले आणि मैलोगणती मागे हटणाऱ्या हिमनद्या जगाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. २०१२ सालचा 'चेसिंग आइस' हा माहितीपट त्यातूनच निर्माण झाला. शास्त्रज्ञांचे आकडे त्याआधीही होते. आकड्यांनी जे साधले नव्हते ते चित्रांनी साधले. त्यामागचे रहस्य एकच होते: जागा तीच, चौकट तीच, आणि ढवळाढवळ शून्य.

आता आपल्याकडील हिवाळ्याकडे वळू. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना ग्वाल्हेरची थंडी ठाऊक असते. इथला कोहरा मात्र पाहिल्याशिवाय कळत नाही. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर अशा सकाळी येतात की समोरचे घर दिसेनासे होते. हवामानशास्त्रात दृश्यता एक किलोमीटरच्या आत आली की त्याला धुके म्हणतात. ती पन्नास मीटरच्या आत आली की अतिदाट धुके. पश्चिमी विक्षोभ पाऊस देऊन पुढे जातो, आकाश निरभ्र होते, वारा पडतो. रात्री जमीन आपली उष्णता आकाशात उधळते आणि तिला लगटून असलेली हवा दवबिंदूपर्यंत थंड होते. गव्हा-मोहरीच्या ओलित शेतांतून बाष्प मिळतेच. सकाळी सारा प्रदेश पांढऱ्या चादरीखाली असतो.

अशा वेळी टाइम-लॅप्स घेणे हे चिकाटीचे काम आहे. कॅमेऱ्याचे मीटर पांढऱ्या धुक्याला फसते आणि सगळे चित्र राखी करून ठेवते. म्हणून एक्सपोजर हाताने, थोडे वाढवून ठरवावे लागते. फोकस आणि व्हाइट बॅलन्स कॅमेऱ्यावर सोपवले तर प्रत्येक चित्रागणिक ते बदलतात आणि फीत लुकलुकते. तेही हातानेच बांधून टाकावे लागतात. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून दुसरी कोटाच्या आतल्या खिशात ऊब देऊन ठेवावी. लेन्सवर दव जमते. त्यावर हात शेकण्याची रासायनिक पुडी लेन्सभोवती बांधणे हा सोपा उपाय. चित्रण संपल्यावर कॅमेरा उघडा घरात नेऊ नये. गच्चीवरच बंद पिशवीत घालून मग आत न्यावा आणि घराच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडावी. म्हणजे दव पिशवीच्या बाहेर जमते, कॅमेऱ्यात नाही. एवढे जमले की उरलेले काम फक्त थांबण्याचे. चहाचा पेला हातात घेऊन दोन तास काहीही न करता थांबणे हे आपल्या धकाधकीच्या व्यवसायात किती दुर्मीळ झाले आहे, हे वेगळे सांगायला नको.

आणि मग फितीत काय दिसते? डोळ्याला स्थिर वाटणारे धुके प्रत्यक्षात स्थिर नसते. ते पाण्यासारखे हिंदकळते, किल्ल्याच्या पायथ्याशी लाटेसारखे येऊन थडकते, मागे फिरते. आपला किल्ला भोवतालच्या सपाटीपासून सुमारे शंभर मीटर उंच आणि जवळपास तीन किलोमीटर लांब. धुक्याचा थर त्याहून उथळ असेल त्या दिवशी मानमंदिराचे बुरूज दुधाच्या समुद्रातील गलबताप्रमाणे तरंगताना दिसतात. हे दृश्य शहरात राहूनही बहुतेकांनी पाहिलेले नसते.

परंतु त्याच फितीत आणखीही एक गोष्ट दिसते, आणि माझ्या लेखाचा खरा विषय तीच आहे. पहाटे चौकाचौकांत अलाव पेटलेले असतात. त्यांत लाकडाबरोबर प्लॅस्टिक, चिंध्या, कधी टायरचे तुकडेही जळतात. त्या धुराची रेघ सरळ वर चढते, आणि काही उंचीवर गेल्यावर जणू छताला डोके आपटावे तशी थबकून आडवी पसरते. एरवी उंचीगणिक हवा थंड होत जाते; हिवाळ्याच्या शांत रात्री उलटे घडते, खाली थंड हवा आणि वर उबदार हवेचे झाकण. हे झाकण डोळ्याला दिसत नाही. वेगवान केलेल्या फितीत ते स्पष्ट दिसते. अलावांचा, चुलींचा, रस्त्यांवरील वाहनांचा आणि वीटभट्ट्यांचा धूर त्याखाली साचत जातो, आणि आपण सारे त्याच झाकणाखाली श्वास घेत असतो.

मुरैनाच्या पुढे चंबळच्या काठीही मी थंडीत चित्रणे केली आहेत. तिथे पहाटे पाण्यावरून वाफा निघतात, कारण रात्रीच्या हवेपेक्षा नदीचे पाणी उबदार असते. त्या वाफा शुभ्र असतात, ऊन लागताच विरतात, आणि वाळूवर ऊन खात पडलेल्या घडियाली लख्ख दिसू लागतात. शहरातील धुके मात्र ऊन चढल्यावर पांढऱ्याचे राखी आणि राखीचे मळकट तपकिरी होत जाते आणि दुपारपर्यंत रेंगाळते. कारण सरळ आहे. बाष्पाला थेंब होण्यासाठी कणाचा आधार लागतो. हवेत धुराचे कण जितके अधिक, तितके थेंब संख्येने अधिक आणि आकाराने बारीक. असे धुके अधिक दाट दिसते आणि अधिक काळ टिकते. पाणी उडून गेल्यावर कण तसेच मागे राहतात. त्यांतील जे अडीच मायक्रोमीटरहून लहान, ते थेट वायुकोशापर्यंत पोहोचतात. पुढची कथा तुम्हां-आम्हांला पाठ आहे. डिसेंबर-जानेवारीतील आपापल्या ओपीडीत ती आपण रोज वाचतो.

२०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या शहरांच्या यादीत, पीएम २.५ च्या वार्षिक सरासरीनुसार, इराणमधील झाबोलच्या खालोखाल ग्वाल्हेरचे नाव होते; आकडा होता दर घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. आपल्या देशाचे वार्षिक मानक ४० आहे आणि २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस केवळ ५ आहे. ती यादी जुन्या मोजण्यांवर आधारलेली होती, आणि तिच्यावर वाद झाले. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आपल्या शहराचा समावेश झाला, हेही खरे. सांगायचे ते इतकेच, की हा विषय कोणाच्या कल्पनेतला नाही.

आता छायाचित्रणाकडे परत येतो. २०१५ साली छायाचित्रे संस्कारित करण्याच्या एका प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये 'डीहेझ' नावाची सोय आली आणि पुढे तशी सोय सर्वत्र झाली. एक कळ सरकवली की चित्रातील धूसरपणा नाहीसा होतो, आकाश निळे होते, किल्ल्याचा दगडन् दगड उठून दिसतो. दिनदर्शिकेसाठी, लग्नाच्या अल्बमसाठी याला माझी हरकत नाही. परंतु आपल्या शहराची हिवाळी सकाळ म्हणून जेव्हा असे धुऊनपुसून काढलेले चित्र मिरवले जाते, तेव्हा माझ्यातला डॉक्टर अस्वस्थ होतो. छातीच्या एक्स-रेवरची सावली सुंदर दिसत नाही म्हणून कोणी पुसून रुग्णाच्या हाती दिली तर आपण त्याला काय म्हणू? याच्या उलट, दृश्य भयानक दिसावे म्हणून मुद्दाम काळवंडून दाखवणे हाही तितकाच गुन्हा आहे. दोन्ही बाजूंनी हात आवरता घेतला पाहिजे.

या मतावर आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. पहिला आक्षेप शास्त्रीय. कॅमेरा धुके आणि धूर यांत खात्रीने भेद करू शकत नाही. दोन्ही प्रकाश विखुरतात. चित्र म्हणजे मोजमाप नव्हे. मान्य. चित्र हे लक्षण आहे, तपासणी नव्हे. परंतु लक्षण नोंदवल्याशिवाय आपण तपासणी कुठली सांगतो? शिवाय दोन्हींची सांगड घालता येते. प्रत्येक चित्राबरोबर त्या वेळचे तापमान, आर्द्रता आणि शहरातील सरकारी मापनकेंद्राचा पीएम २.५ चा आकडा लिहून ठेवला, तर आर्द्रता उतरल्यावरही जो धूसरपणा टिकतो त्याच्याकडे बोट दाखवता येईल.

दुसरा आक्षेप असा, की आकडे उपलब्ध असताना चित्रांची उठाठेव कशाला? याचे उत्तर आपल्या रोजच्या अनुभवात आहे. रुग्णाला मधुमेहाचा आकडा सांगितला तर तो मान डोलावतो. दृष्टिपटलाचे चित्र दाखवले तर तो घाबरून पथ्य पाळू लागतो. दमेकऱ्याच्या नातेवाइकाला मायक्रोग्रॅम समजणार नाहीत. परंतु त्याच्याच गल्लीतल्या अलावाचा धूर त्याच्याच खिडकीच्या उंचीवर आडवा पसरतो आहे, हे अर्ध्या मिनिटाच्या फितीत पाहिले तर आणखी काही समजावून सांगावे लागणार नाही. लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात जे धूरमिश्रित धुके पडले, ते पहिल्या दिवशी लोकांना नेहमीचेच वाटले होते. हजारो माणसे दगावली आहेत हे नंतर आकडे जुळवल्यावर कळले, आणि स्वच्छ हवेचा कायदा व्हायला १९५६ साल उजाडले. सवयीचे झालेले संकट दिसत नाही. ते दिसेल अशा रीतीने मांडावे लागते.

तिसरा आक्षेप भावनिक आहे आणि तो मला सर्वांत अधिक भिडतो. आपल्या गावाची अशी छायाचित्रे दाखवून आपणच त्याची बदनामी का करावी? पिढ्यान्‌पिढ्या या गावाने आपल्याला आसरा, मानमरातब आणि रोजीरोटी दिली. तानसेनाच्या समाधीजवळ डिसेंबरात सूर लागतात ते ऐकायला दुरून लोक येतात. त्यांना धूर काय दाखवायचा? मला वाटते, निदान लपवणे हे प्रेमाचे लक्षण नव्हे. ज्या गावाचे आपण पाहुणे असतो त्याविषयी गोड बोलून निघून जाता येते. ज्या गावाचे आपण झालो, त्याची नाडी पाहण्याचे कर्तव्य टाळता येत नाही.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. आपल्यांतील अनेकांच्या कपाटांत डीएसएलआर कॅमेरे पडून आहेत. २००८ साली या कॅमेऱ्यांत चलच्चित्रणाची सोय आली तेव्हा ते हौसेने घेतले गेले. आता बाजाराचा ओढा मिररलेस कॅमेऱ्यांकडे आहे आणि हातातला मोबाइल सोयीचा वाटतो. तरी एका जागी बसून महिनोन्‌महिने काम करायला ते जुने कॅमेरे आजही उत्तम आहेत. शहराच्या वेगवेगळ्या भागांत राहणाऱ्या पाच-सहा सभासदांनी आपापल्या गच्चीवर एक जागा कायमची निश्चित करावी. ट्रायपॉडच्या पायांसाठी फरशीवर रंगाच्या खुणा कराव्यात. १ नोव्हेंबर ते १५ फेब्रुवारी हे १०७ दिवस, सकाळी सात ते नऊ, दर मिनिटाला एक चित्र. दिवसाला १२० म्हणजे हंगामात १२,८४० चित्रे. शटरच्या आयुष्याच्या मानाने हे ओझे फार नाही, आणि सेकंदाला २५ या गतीने सारा हिवाळा साडेआठ मिनिटांत पाहून होतो.

याखेरीज रोज दुपारी ठीक बारा वाजता एक चित्र, नेहमी त्याच आयएसओ, त्याच शटर आणि त्याच ॲपर्चरवर घ्यावे. साधे धुके बहुधा तोवर विरलेले असते. तेव्हाही जे डोळ्यांत भरते त्याचा विचार झाला पाहिजे. चौकटीत किल्ल्याची तटबंदी, एखादे शिखर, एखादी पाण्याची टाकी अशा ज्ञात अंतरावरच्या खुणा असाव्यात. नेत्ररोगतज्ज्ञांचा स्नेलनचा तक्ता असतो, तसा हा शहराचा तक्ता. आज कितवी ओळ वाचता आली, एवढे रोज लिहायचे.

दोन पथ्ये मात्र कसोशीने पाळावीत. मूळ चित्रे जशीच्या तशी जपावीत. दाखवण्यासाठी काही संस्कार केलेच तर तसे स्पष्ट लिहावे. आणि चौकटीत शेजाऱ्यांच्या खिडक्या, गच्च्या येणार नाहीत हे पाहावे. रुग्णाची गोपनीयता जपणाऱ्याला हे सांगावे लागू नये.

एका हिवाळ्याने काहीच सिद्ध होणार नाही, हे मी जाणतो. एखादे वर्ष वाऱ्याचे असेल, एखादे पावसाचे. पाच-सात हिवाळे एकापुढे एक ठेवले, तर मात्र महापालिकेपुढे, शाळांपुढे आणि आपल्याच प्रतीक्षागृहातील बाकांवर बसलेल्या माणसांपुढे ठेवण्याजोगे काहीतरी आपल्या हाती असेल. कदाचित त्यातून हवा सुधारत असल्याचेही दिसेल. तसे दिसले तर ते सांगण्याचा आनंद आपलाच. कॅमेरा विकत घ्यायचा नाही, वर्गणी काढायची नाही. पहाटे थोडे लवकर उठायचे आणि जे दिसेल ते न पुसता जपायचे, एवढेच. ज्या सभासदांना यात सहभागी व्हावेसे वाटेल त्यांनी पुढील सर्वसाधारण सभेत नाव द्यावे, म्हणजे येत्या १ नोव्हेंबरला पहिले चित्र घेता येईल.